डबा परत देताना

लेथला दिवाळीची सुट्टी म्हणजे चारच दिवस.
उद्यमनगर गार पडलेलं, नखांतलं तेल तेवढं निघत नाही.
यंदा ठरवलं होतं,
इंदूला द्यायला शिकवायचं.
पाच पूर्ण झाली तिला. मोजता येतं,
म्हणजे कमी झालेलंही कळतं.

करंज्या दहा, अनारसे सहा, चिवडा गळ्यापर्यंत.
तिच्या आईनं झाकण तळव्यानं दाबून बसवलं.
इंदूला म्हटलं, तुझंही काहीतरी घे.
बराच वेळ आत होती.
आली ती एका हाताची बाहुली घेऊन,
अन् तीन खडू, तिन्ही पांढरे.
"हे कागदावर दिसतच न्हाईत," म्हणाली, "देऊन टाकतो."
(आमच्याकडं पोरीही देतो म्हणतात.
म्हणायला काय.)

मी बोललो नाही.
माझ्या पिशवीत तरी काय होतं?
कॉलर विरलेले दोन शर्ट
आणि चेन न लागणारं एक स्वेटर.

बावड्याच्या पुढं, नदीकडच्या फडाला लागून
बीडकडच्या टोळीच्या खोप्या.
ताडपत्रीवर वाळत टाकलेली लुगडी, पाचटात तोंड घातलेले बैल,
अन् एक पोरगी, इंदूहून बोटभर उंच,
काखेत भाऊ.
यष्टी यायची वाट बघावी तशी
आमच्याकडं बघत उभी.

इंदूनं पिशवी पाठीमागं नेली.
मी कोपरानं ढोसलं. "दे की."
"लाज वाटतीया."
"कुणाची?"
"बाहुलीची."

माझी पिशवी मग मी
गाडीच्या हँडललाच राहू दिली.

डबा तेवढा दिला.
त्या पोरीच्या आईनं तिथंच परातीत रिता केला,
विसळला, पदरानं आतून बाहेरून पुसला,
आणि हातात धरून थबकली.
"सणाचा डबा, लेकराच्या हाती रिकामा कसा देऊ?"
नको नको म्हणेपर्यंत आत जाऊन आली.
ओंजळभर बाजरी.
गावाकडनं आणलेली, पट्टा पडेपर्यंत पुरवायची.
डब्याच्या तळाला पडताना
सर सर सर वाजली.
येताना इंदू गप्प. मीही.

भाकरी नाही झाली त्या बाजरीची.
किल्ल्याच्या उतारावर हळीव उगवलं नव्हतं एका बाजूला,
तिथं इंदूनं सगळी पेरली,
आणि आंघोळीच्या तांब्यानं
बुरूज खचेस्तोवर पाणी घातलं.

पाचव्या दिवशी कोंब.
सहाव्या दिवशी मी कामावरनं आलो
तर इंदू डबा घेऊन उंबऱ्यात.
आत गंगावेशीतनं आणलेला घोडेस्वार,
पंचेचाळीस रुपयांचा,
ज्याला हात लावायची चुलतभावालाही बंदी.
"रिकामा डबा द्यायचा नसतो, बाबा."
"अगं, पण डबा आपलाच आहे."
"मग?"

या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
गाडी काढली.

फड तुटून गेलेला.
खोप्यांच्या जागी पिवळी पडलेली जमीन,
चुलीचे तीन काळे दगड,
बैलाच्या खुराची झिजलेली पत्री.
ट्रॅक्टरवाला म्हणाला, टोळी पलीकडं गेली,
शियेच्या अंगाला असंल, नायतर त्याच्याही पुढं.

अंधार पडत होता, धूर उतरत होता उसावर.
शिये झालं. भुये झालं.
कुठं दिवा दिसला की इंदू खांद्यावर थोपटायची,
मी वेग कमी करायचो,
आणि ते कुणाचं तरी मोटारघर निघायचं.
दोघांच्या मधे डबा,
खड्ड्याखड्ड्याला आत घोड्याच्या टापा.
तिनं झाकणावर हात ठेवला,
आणि खाली वाकून त्याला म्हणाली,
"थांब की जरा. आलंच."